अर्धी काळी किटली

मित्रांनो, आधी माझ्या पोटावरचा पोचा नीट बघून घ्या. नवीन माणसाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते आणि मग माझ्या बोलण्याकडे त्याचं लक्ष लागत नाही. म्हणून हे काम आधीच उरकून टाकलेलं बरं. बघितलात? छान. तर मी तांब्याची एक जुनी किटली आहे. चित्रकलेच्या वर्गात खिडकीशेजारी जी मांडणी आहे, तिच्या मधल्या खणात मी राहते. माझ्या एका बाजूला कान तुटलेला कप असतो आणि दुसऱ्या बाजूला मेणाची तीन सफरचंदं असतात. आपण कधी नासत नाही याचा सफरचंदांना फार तोरा आहे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. उकळत्या पाण्यात आयुष्य काढलेल्या भांड्याने मेणाशी काय भांडायचं?

मला घडवलं एका तांबटाने. दिवसभर ठोके ऐकून ऐकून तो ठार बहिरा झाला होता. त्याची बायको जेवायला हाका मारून थकायची आणि शेवटी येऊन पाठीवर थाप मारायची. तो दचकायचा, हसायचा आणि म्हणायचा, "अगं, हळू बोल, ऐकू येतंय मला!" मी तेव्हा नुसता एक गोल पत्रा होते. त्याने मला ऐरणीवर ठेवून ठोकलं, तापवलं, पुन्हा ठोकलं. मला पोट आलं, गळा आला, तोटी आली. कान कामातून गेले होते, म्हणून तो अंगठ्याने काम तपासायचा. माझ्या अंगावरून अंगठा फिरवायचा, जिथे अडेल तिथे आणखी एक ठोका द्यायचा. शेवटी एकदा अंगठा कुठेच अडला नाही. त्याने मला उजेडात धरलं, तोंडाने नुसतं "हं" केलं आणि बाजूला ठेवलं. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. त्या बहिऱ्या माणसाचे उपकार मी अजून मानते, कारण त्याच्यानंतर कितीतरी वर्षं मला कुणी असं उजेडात धरून पाहिलं नाही.

तिथून मी एका छापखान्यासमोरच्या चहाच्या दुकानात गेले. दुकानाच्या मालकाला सगळे काका म्हणायचे. दिवस उजाडायच्या आधी काका मला विस्तवावर चढवायचे ते दुकान बंद होईपर्यंत. छापखान्यातली माणसं शाईने माखलेल्या बोटांनी पेले धरायची, फुंकर मारून एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "वा काका, काय फक्कड झालाय चहा!" काका खूश व्हायचे, दूधवाला ऐकत असेल तर तोही खूश व्हायचा. मला कुणी काही म्हणायचं नाही. पण खरं सांगते, राग नव्हता. थंडीत कुडकुडत आलेली माणसं माझ्याभोवती हात शेकत उभी राहायची आणि एकमेकांना घरच्या गोष्टी सांगायची. ते सगळं ऐकायला मला भारी आवडायचं. या काळात माझ्या अंगावर काजळीचा थर चढला. आधी बूड काळं झालं, मग पोट, मग गळा. माझा तांब्याचा रंग कसा होता हे मी स्वतःच विसरून गेले.

आता पोच्याचं सांगते, म्हणजे तुमच्या मनातून तो जाईल. काकांचा एक मेहुणा होता. अंगात काडीचं बळ नाही, पण बढाया अशा की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. एकदा तो चारचौघांत म्हणाला, "ही किटली? एका बोटावर उचलून दाखवतो!" आणि खरंच त्याने मला एका बोटावर उचललं. पुढे काय झालं ते माझ्या पोटावर लिहिलेलं आहेच. काका मेहुण्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखं विस्तवावर ठेवलं. पोचा पडला म्हणून कामावरून काढलं नाही, हे मी कधी विसरणार नाही.

पुढे बटण दाबलं की चहा ओतणारं यंत्र आलं. काका म्हातारे झाले, दुकान मुलाच्या हाती गेलं. मुलाने मला आधी माळ्यावर टाकलं आणि नंतर भंगारवाल्याच्या गाडीवर. भंगाराच्या ढिगात मी किती दिवस पडून होते, कोण जाणे. वर टायर, खाली गंजलेल्या सळया. माझं झाकण कुठे गेलं तेही मला माहीत नव्हतं. एके दिवशी ढिगाऱ्यापाशी एक टक्कल पडलेले गृहस्थ आले, त्यांनी टायर बाजूला सारले आणि मला बाहेर काढून उजेडाच्या दिशेने उंच धरलं. हे चित्रकलेचे सर होते. ते म्हणाले, "अरे, हिच्या काळ्या रंगात निळा किती आहे बघ!" भंगारवाल्याला वाटलं, यांना ऊन लागलंय.

"ही किटली मला द्या," सर म्हणाले.

"न्या की. पण पैसे नकोत. तुम्ही चित्रं काढता ना? माझं एक काढून द्या."

सरांनी तिथेच एका उलट्या बादलीवर बसून त्याचं चित्र काढलं. भंगारवाल्याने ते जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "नाक जरा लहान नाही का करता येणार?"

"ते तुमच्या वडिलांना सांगायला हवं होतं," सर म्हणाले. भंगारवाला एवढा हसला की त्याचा पान-तंबाखूचा डबा खाली पडला. मग त्याने आत जाऊन अर्धा तास शोधाशोध केली आणि माझं झाकण आणून दिलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, चित्रकलेच्या वर्गातला माझा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. सरांनी मला टेबलावर ठेवलं. पाठीमागे एक राखाडी कापड टांगलं. मग खडूने माझ्या बुडाभोवती टेबलावर गोल रेघ मारली. या वर्गाची ती पद्धतच आहे. वस्तू एकदा मांडल्या की प्रत्येकीभोवती खडूची रेघ मारायची आणि सगळ्यांची चित्रं पूर्ण होईपर्यंत कुणीही वस्तूला बोट लावायचं नाही. वस्तू चुकून हललीच तर रेघेवर परत ठेवता येते. मग मुलं माझ्याभोवती बसली, हातात पेन्सिली घेऊन माझ्याकडे बघू लागली. एक डोळा मिटून बघत होती, मान वाकडी करून बघत होती. मला एवढं लाजायला झालं की काजळीखाली मी तांबडीलाल झाले असेन. आयुष्यभर माणसांनी माझ्यातून चहा ओतून घेतला होता, पण माझी तोटी नेमकी कुठून वळते हे कुणाला ठाऊक नव्हतं. इथे मुलं त्यावर तासन्‌तास डोकं खाजवत होती.

त्यांनी माझी काय काय चित्रं काढली! कुणाच्या कागदावर माझी तोटी म्हणजे हत्तीची सोंड, तर कुणाच्या कागदावर माझं झाकण डोक्यावरून घसरणारी टोपी. एका मुलाने मला एवढं लठ्ठ काढलं की मी कागदाबाहेर गेले. तरी मला प्रत्येक चित्र प्यारं होतं. कुणीतरी आपल्याकडे एवढा वेळ बघतं, यासारखं सुख नाही.

सरांचा आणखी एक नियम होता. किटली धुवायची नाही. "या काजळीत सगळे रंग आहेत," ते म्हणायचे. "काळा रंग बाटलीतून घ्यायचा नाही. निळा घ्या, तपकिरी घ्या, मिसळा आणि बघा." जुन्या सफाईवाल्याला हा नियम ठाऊक होता. पण तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एक मावशी आल्या. मावशींना नियम सांगायचं राहूनच गेलं. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

आता जिच्यासाठी ही सगळी गोष्ट सांगते आहे, तिच्याकडे येते. वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे खोडरबर म्हणायचे. सरांच्या तोंडीसुद्धा तेच नाव बसलं होतं. ती रेघ काढायची आणि पुसायची, काढायची आणि पुसायची. कागद झिजायचा, त्याला भोक पडायचं. एकदा सर म्हणाले, "बाळ, तुझ्या कागदातून आता पलीकडचं दिसायला लागलंय." सगळे हसले, तीही हसली, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले. वर्गाच्या भिंतीवर प्रत्येकाचं एक तरी चित्र लागलेलं होतं. तिचं एकही नव्हतं, कारण तिने कधी कुठलं चित्र पुरं केलंच नव्हतं. आणि मी सांगते, साऱ्या वर्गात माझ्या तोटीचं वळण पहिल्यांदा बरोबर काढलं ते तिनेच. पुढच्याच क्षणी पुसलं ही गोष्ट वेगळी.

एके दिवशी सर वर्गात आले ते हात चोळतच. समुद्रापलीकडच्या एका शाळेशी आमच्या वर्गाची चित्रांची देवाणघेवाण ठरली होती. आमची चित्रं पेटीतून तिकडे जायची, त्यांची इकडे यायची. विषय होता, 'आम्ही राहतो ते गाव.'

"आपलं गाव काढा," सर म्हणाले. "पण असं काढा की ज्याने आपलं गाव जन्मात पाहिलेलं नाही त्यालाही ते ओळखीचं वाटलं पाहिजे."

"असं कसं होईल, सर?" एक मुलगा म्हणाला. त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे, कारण तो चित्रातला ढगसुद्धा मोजून काढायचा. "न पाहिलेलं ओळखीचं कसं वाटेल?"

"तेच तर शोधायचंय," सर म्हणाले आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, असं मला वाटतं.

मुलांनी धडाधड चित्रं काढली. घड्याळाचा मनोरा, नदीवरचा पूल, बागेतलं कारंजं. फूटपट्टीने पुलाचा एकेक खिळा मोजून काढला. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, या पुलावरून कुणी जात-येत नाही का?" फूटपट्टीने चिडून पुलावर माणसं काढली. खोडरबर मात्र कोरा कागद घेऊन बसली होती. शेवटी ती उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "सर, मी किटली काढते."

"गाव काढायचंय, किटली नाही!" फूटपट्टी म्हणाला.

"आमच्या घरी अशीच काळी किटली आहे. बाबा रात्रपाळीहून आले की आई ती चढवते. शेजारच्या काकू साखर मागायला येतात आणि बसूनच राहतात. वरचे आजोबा वास आला की जिना उतरतात. आमचं अख्खं गाव तिच्याभोवती बसतं." एवढं बोलून ती स्वतःच घाबरली. सरांनी खडू घेऊन माझ्याभोवती रेघ मारली.

तिने माझी डावी बाजू रंगवायला घेतली. निळा आणि तपकिरी मिसळून काजळी केली. पोस्टरचे जाड रंग, ते पुसता येत नाहीत, म्हणून असेल, पण तिचा हात या वेळी थांबला नाही. दर दिवशी थोडं थोडं पुढे सरकत होतं. शुक्रवारपर्यंत डावी बाजू पूर्ण झाली. उजवी बाजू अजून नुसती पेन्सिलीत होती. शनिवारी संध्याकाळी पेटी बंद होऊन जाणार होती आणि सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की अर्धवट चित्र पाठवायचं नाही. घरी जाताना ती मैत्रिणीला म्हणाली, "उद्या पूर्ण होईल. आणि नाही झालं तर मी हा वर्गच सोडणार. आपल्याला जमत नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं." मी ते ऐकलं. दहावीस वर्षांत प्रथमच कुणाचं तरी चित्र पूर्ण व्हावं म्हणून मी जीव टांगणीला लावून बसले होते.

त्याच संध्याकाळी मावशी झाडू घेऊन वर्गात आल्या. शनिवारी पेटी बघायला पाहुणे येणार होते. इथला कारभार पाहणाऱ्या मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं की वर्ग आरशासारखा पाहिजे. मावशींनी जमीन पुसली, खिडक्या पुसल्या, सफरचंदांवरची धूळसुद्धा झटकली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"काय गं बाई ही तुझी दशा!" त्या म्हणाल्या. "एवढी पोरं रोज तुझ्याकडे बघतात, एकाच्याही मनात येऊ नये?"

त्यांनी मला उचललं. नको, नको, असं मी ओरडत होते, पण किटलीचं ओरडणं उकळल्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही. त्यांनी मला नळाखाली धरलं. लिंबाची फोड घेतली, मीठ घेतलं आणि पदर खोचून बसल्या. घासताना त्या माझ्याशी बोलत होत्या. पोराची नोकरी, सुनेचं बाळंतपण, स्वतःचा दुखरा गुडघा, सगळं सांगितलं. आणि मित्रांनो, लाज वाटते, पण खरं सांगते, मला अतिशय बरं वाटत होतं. तांबटानंतर माझ्या अंगावरून इतक्या मायेने कुणाचाच हात फिरला नव्हता. वर्षानुवर्षांचं ओझं उतरत होतं आणि त्याचबरोबर त्या मुलीचं चित्रही नाल्यातून वाहून जात होतं. एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात आसू म्हणतात, तसं माझं झालं. मावशींनी मला कोरडं करून टेबलावर ठेवलं आणि शेवटी टेबलावरची खडूची रेघही ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून टाकली.

सकाळी मुलं वर्गात आली. मी उन्हात नुसती झळाळत होते. दारात मावशी कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या होत्या. "बघा रे पोरांनो, कशी नवरीसारखी दिसतेय!"

मग एकदम सगळे बोलले. कुणी कपाळावर हात मारला, कुणी "अहो मावशी!" म्हणून ओरडलं. फूटपट्टीने तर वर्ग डोक्यावर घेतला. मावशींना काय घडलं ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. नवी नोकरी, पाहुणे यायचे आणि पोरीचं चित्र आपल्या हाताने गेलेलं. त्या धावत जाऊन मेणबत्ती घेऊन आल्या. "मी पुन्हा काळी करते, बाळ. आत्ता करते." त्यांनी मेणबत्ती माझ्याखाली धरली. मुलांनी कोळशाच्या कांड्या आणल्या आणि माझ्या अंगावर फासल्या. मी काळी झाले नाही, शेंबड्या पोराच्या तोंडासारखी मळकट झाले. सरांनी हात वर केला आणि म्हणाले, "पुरे. पुसा तिला." मावशींनी मला पुन्हा पुसलं.

खोडरबर आपल्या जागेवर बसली होती. तिच्या कागदावरची किटली काळी आणि समोरची झगझगीत. सर तिच्यापाशी वाकले आणि म्हणाले, "डोळे मिटून आठव. जमेल तुला." तिने डोळे मिटले. उघडले. "नाही आठवत, सर. ही समोर दिसते." मग तिचा हात सवयीने खिशात गेला आणि तिने खोडरबर बाहेर काढलं. रंग पुसता येत नाही हे तिला माहीत होतं. ती कागदच टेबलावरून काढायला लागली.

आणि मावशी रडायला लागल्या. आवाज न करता, पदराचं टोक डोळ्यांना लावून. ते मुलीने पाहिलं. पण थेट पाहिलं नाही, माझ्या पोटात पाहिलं.

मी तेव्हा आरशासारखी होते ना. माझ्या उजव्या कुशीत सगळा वर्ग उतरला होता. वाकलेली खिडकी, खिडकीबाहेर शिंप्याची पाटी, तारेवरचे कपडे, समोरच्या गॅलरीत केस विंचरणारी कुणाची तरी बहीण. भोपळ्याएवढ्या टकलाचे सर. आणि मध्यभागी पदर डोळ्यांना लावलेल्या मावशी. माझ्या पोच्यात तर सगळंच उलटं, तिथे फूटपट्टी डोक्यावर उभा होता. मुलगी पुढे सरकली, अजून पुढे सरकली. तिचं नाक माझ्या पोटाला टेकायचं बाकी राहिलं.

"मावशी," ती म्हणाली, "फडकं घ्या ना हातात."

"आता कशाला गं? अजून काय पुसू?"

"पुसू नका. नुसतं धरा. किटलीवर असं ठेवा. हां, तिथेच. आता हलू नका."

मावशींना काही कळेना, पण त्या हलल्या नाहीत. खोडरबरने डाव्या बाजूच्या काजळीला हात लावला नाही. ती तशीच राहू दिली. काजळी जिथे संपत होती, तिथे तिने मावशींचा हात काढला, हातात फडकं. आणि हाताच्या उजवीकडे घासून निघालेलं झळझळीत तांबं आणि त्यात खिडकीबाहेरची सगळी गल्ली. अर्धी काळी, अर्धी लखलखीत किटली आणि मध्ये घासणारा हात. मावशी दोन तास तशाच राहिल्या. मुलांनी स्टूल आणून दिलं, पाणी पाजलं. गुडघा दुखतोय असं त्या एकदाच म्हणाल्या.

एकदा चूक झालीच. कागदावर मावशींचा अंगठा चुकीच्या जागी पडला. मुलीचा हात पुन्हा खिशाकडे गेला. सगळ्या वर्गाने श्वास रोखला. ती क्षणभर थांबली, मग तिने चुकलेला अंगठा तसाच ठेवून शेजारी दुसरा काढला. आता हात हलतोय असं वाटायला लागलं, खरोखर घासतोय असं. सर हळूच म्हणाले, "राहू दे हं. अजिबात हात लावू नको."

खाली अंगणात सुतार पेटीवर खिळे ठोकत होता. वरून मुलं ओरडली, "काका, थांबा!" तो म्हणाला, "मी कुठे घाई करतोय? दोन खिळे राहिलेत, सावकाश ठोकतो." त्या दोन खिळ्यांना त्याने बराच वेळ लावला. चित्र ओलं असतानाच खाली गेलं आणि सगळ्यात वर ठेवलं गेलं. तुम्ही म्हणता ना, जीव भांड्यात पडला. त्या दिवशी भांड्याचाच जीव ठिकाणावर आला.

मोठ्या बाई मावशींना काही बोलल्या नाहीत. सरांनीच त्यांना सांगितलं की नियम सांगायचं आमच्याकडून राहिलं.

कितीतरी महिन्यांनी पलीकडची पेटी आली. त्यांनी आधी आमची चित्रं पाहिली होती आणि मग आपली काढली होती. पेटी उघडली आणि मुलं बघतच राहिली. मनोरे होते, पूल होते, पण जवळजवळ अर्ध्या चित्रांत काहीतरी घासणारा, पुसणारा, धुणारा हात होता. कढई घासणारा, खिडकी पुसणारा, बुटांना पॉलिश करणारा, बाळाचं तोंड धुणारा. ना ते घर ओळखीचं, ना ते कपडे. "सर," फूटपट्टी म्हणाला, "हे सगळं बघितल्यासारखं वाटतंय." सरांनी फक्त मान हलवली.

मुलांनी मावशींना बोलावलं. मावशी एकेक चित्र हातात घेऊन बघू लागल्या. "ही बाई डावरी आहे. याला कुणी घासायला शिकवलंच नाही, कड तशीच राहिलीय." मुलं खो खो हसत होती. मग एका चित्रापाशी त्या थांबल्या. एका म्हातारीचे हात होते, मोठ्या पातेल्यात बुडालेले. बोटांच्या पेरांवर बारीक रेघा होत्या.

"सर, हिला काही कळवता येईल का?"

"येईल की. काय कळवू?"

"म्हणावं, झोपताना हातांना थोडं तेल लावत जा. भेगा पडल्यात फार."

खोडरबर मावशींच्या हातांकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्याही बोटांवर आहेत. मी चित्रात काढल्या होत्या, निळ्या रंगाने. दोन तास बघत होते मी. पण तेल द्यायचं मला सुचलंच नाही."

मावशी हसल्या. "अगं, तू चित्र काढत होतीस."

त्या हसल्या, पण मुलगी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरून तेलाची छोटी बाटली आणली आणि मांडणीवर माझ्याशेजारी ठेवली. मावशी काम आटोपलं की तिथे येतात, हातांना तेल लावतात आणि जाताना उरलेल्या तेलाचा हात माझ्या अंगावरून फिरवतात. माझं तांबं पुन्हा काळवंडत नाही, कारण आता मला मुलंच आळीपाळीने घासतात. मावशी स्टुलावर बसून कड राहिली की रागावतात. देवाणघेवाण संपून आमची चित्रं परत आली, तेव्हा तिचं चित्र भिंतीवर लागलं. मी रोज त्याच्याकडे बघते आणि माझ्या वाट्याला आलेल्या प्रत्येक हाताचे आभार मानते. बहिऱ्या तांबटाचे, काकांचे, झाकण शोधून देणाऱ्या भंगारवाल्याचे, मावशींचे. त्या मेहुण्याचेसुद्धा मानते. त्याच्याशिवाय फूटपट्टी डोक्यावर उभा राहिलेला कसा दिसला असता?

मित्रांनो, मी भांडं आहे, मला फार काही कळत नाही. तुमच्या घरातही कुणीतरी रोज काहीतरी घासत, पुसत, धूत असेल. त्यांच्याकडे एकदा नीट बघा, चित्र काढायला बसल्यासारखं. बोटं कशी वाकतात, अंगठा कुठे दाबला जातो, भेगा कुठे आहेत ते सगळं बघा. जमलं तर कागदावर उतरवा. आणि बघून झालं की तिथेच बसून राहू नका. उठा, त्यांच्या हातातलं फडकं घ्या आणि म्हणा, "तुम्ही बसा थोडा वेळ."